आधी १९३० लावा, बाबांना प्रश्न नंतर विचारा

ताई, तुम्ही लिहिलंय की काल संध्याकाळी बाबांना त्यांच्या भजनी मंडळातल्या ओळखीच्या माणसाच्या व्हॉट्सॲपवरून ‘आरटीओ चलन’ नावाची फाइल आली, त्यांनी ती उघडली आणि आज सकाळी खात्यातून तीन वेळा मिळून ६१,५०० रुपये गेले. बाबा म्हणतात, ‘गेले ते गेले, गावभर बोभाटा नको.’ तक्रारीचा उपयोग होतो का आणि असले मेसेज ओळखायचे कसे, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर आधी देतो, कारण तिथे वेळ जातोय. उरलेलं वाचण्याआधी १९३० लावा.

ही राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन आहे. पैसे कुठल्या बँकेतून, किती वाजता, किती गेले आणि व्यवहाराचा क्रमांक काय, हे विचारतील. यूपीआयचा व्यवहार असेल तर १२ अंकी संदर्भ क्रमांक पैसे कापल्याच्या एसएमएसमध्ये किंवा खात्याच्या उताऱ्यात सापडेल. तिन्ही व्यवहारांचे क्रमांक कागदावर लिहून मगच फोन करा, म्हणजे ऐन वेळी शोधाशोध होत नाही. फोन लागला नाही तर थांबू नका, सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर थेट तक्रार भरा. १९३० वर नोंद झाली तर जो पावती क्रमांक येतो तो जपून ठेवा आणि २४ तासांच्या आत त्याच पोर्टलवर पूर्ण तक्रार भरून टाका. बरेच जण फोन केला म्हणजे काम झालं असं समजतात आणि तक्रार अर्धवट राहते.

इतकी घाई कशासाठी, तेही सांगतो. चोरलेले पैसे एका खात्यात बसून राहत नाहीत. दुसऱ्याच कुणाच्या नावावरच्या भाड्याच्या खात्यात जातात, तिथून चार खात्यांत फुटतात आणि शेवटी एटीएममधून रोख निघतात. १९३० वरची नोंद ज्या बँकांकडे पैसे गेले त्यांच्यापर्यंत पोचते आणि त्या खात्यात जेवढी रक्कम अजून शिल्लक असेल तेवढी गोठवली जाते. गोठलेली रक्कम पुढे कोर्टाच्या आदेशाने परत मिळू शकते. रोख निघून गेली की तपास उरतो, पैसे हाती लागणं फार कठीण होतं.

मी जिल्ह्याच्या ठिकाणी एका सहकारी बँकेत ३१ वर्षं काम केलं. निवृत्तीच्या आधीच्या वर्षी एक मुख्याध्यापक, तेही निवृत्त, सलग पाच दिवस रोज अकराच्या सुमाराला यायचे, पासबुक भरून घ्यायचे, खिडकीशी उभं राहून शेवटची ओळ बघायचे आणि निघून जायचे. ‘काय सर, काही हवंय का?’ विचारलं तर म्हणायचे, ‘नाही, सहज.’ पाचव्या दिवशी खिडकीवरच्या मुलीचं लक्ष त्या ओळीकडे गेलं. वीजबिलाच्या खोट्या मेसेजमध्ये ४८,००० गेले होते. रक्कम आपोआप परत जमा होईल या आशेवर ते रोज येत होते आणि घरात बायकोलाही बोलले नव्हते. आम्ही त्यांना आत बसवून तक्रार करून घेतली, पण तोवर पैसे रोखीने निघून गेले होते. एक रुपयाही मिळाला नाही. आयुष्यभर मुलांना शिकवलेला माणूस माझ्यासमोर मान खाली घालून बसला होता, ते मी विसरलेलो नाही. म्हणून हात जोडून सांगतो, ‘तुम्हाला कळत कसं नाही’ हे वाक्य आज घरात कुणीही बाबांना म्हणू नका. त्यांना शेजारी बसवा आणि काय काय दाबलं, कुठे काय भरलं ते शांतपणे आठवू द्या. तक्रारीला तेच लागणार आहे.

१९३० नंतर लगेच बँक. त्यांच्या २४ तासांच्या क्रमांकावर फोन करून कार्ड, नेट बँकिंग आणि यूपीआय बंद करायला सांगा आणि तक्रार क्रमांक घ्या. मग शाखेत लेखी अर्ज द्या, त्याच्या प्रतीवर शिक्का आणि वेळ घालून घ्या. ही वेळ फार मोलाची आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने तत्त्व घालून दिलंय की चूक ना बँकेची ना ग्राहकाची, अशा फसवणुकीत तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर तोशीस नाही. ग्राहकाने स्वतः पिन किंवा ओटीपी दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. आणि दोष ग्राहकाचा होता हे सिद्ध करण्याची जबाबदारीही बँकेवर आहे. शाखेत कुणी म्हणालं की ‘तुम्हीच उघडलं, आता आम्ही काय करणार’, तर वाद न घालता अर्जावर पोच मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे विनाशुल्क तक्रार करता येते, त्यांचा क्रमांक १४४४८.

आता बाबांचा फोन. त्यात आलेली फाइल कागद किंवा फोटो नव्हे, ते ॲप आहे. नावाच्या शेवटी ‘एपीके’ असेल, बघा. असं ॲप बसताना एसएमएस वाचायची परवानगी मागतं, माणूस घाईत ‘अलाऊ’ दाबतो आणि मग प्रत्येक ओटीपी बाबांच्या आधी चोराला दिसतो. म्हणून फोन आत्ताच एअरप्लेन मोडवर टाका, वायफायही बंद आहे ना ते पाहा. बाबांच्या खात्याचा कुठलाही पासवर्ड त्या फोनवरून बदलू नका, दुसऱ्या फोनवरून बदला. सिम काढून साध्या बटणांच्या फोनमध्ये घाला, म्हणजे बँकेचे आणि पोलिसांचे फोन येत राहतील. तो मेसेज, फाइलचं नाव, पाठवणाऱ्याचा क्रमांक, कापलेल्या पैशांचे एसएमएस, सगळ्याचे दुसऱ्या फोनने फोटो काढून ठेवा. पुरावा हाती आला आणि पोलिसांना फोन तपासायचा नसेल, तर फॅक्टरी रीसेट करा, म्हणजे सगळं पुसून फोन नव्यासारखा कोरा करा. नुसतं ॲप काढण्यावर माझा भरवसा नाही, कारण अशी ॲप आपलं चिन्हच लपवून ठेवतात.

आणि हे राहून जातं: भजनी मंडळातल्या त्या गृहस्थांना फोन करा. त्यांनी मुद्दाम पाठवलेलं नाही, त्यांचाही फोन असाच धरला गेला असणार. बाबांच्या नावाने तीच फाइल पुढे गेली असेल तर सगळ्या गटांना आजच कळवा. बोभाटा म्हणून बाबा जे टाळताहेत, त्यानेच दुसऱ्या कुणाचे पैसे वाचतील.

दुसरा प्रश्न, ओळखायचं कसं. मेसेजमधल्या चुकीच्या भाषेवरून ओळखा, असं पूर्वी सांगायचो. आता भाषा स्वच्छ असते, तो आधार गेला. मी दोन गोष्टी बघतो: घाई आणि पत्ता. ‘आज रात्री साडेनऊला वीज तोडणार, ताबडतोब या अधिकाऱ्याला फोन करा’ आणि खाली कुणाचा तरी दहा अंकी मोबाइल क्रमांक. महावितरण खासगी मोबाइलवरून असं सांगत नाही, शंका असेल तर १९१२ ला विचारा. सरकारी चलन कधीही एपीके होऊन येत नाही. गाडीवर दंड आहे का ते परिवहनच्या ई-चलन संकेतस्थळावर स्वतः पत्ता टाइप करून, गाडीचा क्रमांक भरून बघता येतं.

लिंक वाचायची ती उजवीकडून. टपालाच्या पत्त्यात आपण शेवटी गाव-जिल्हा बघतो ना, तसं सुरुवातीचं ‘एचटीटीपीएस’ आणि त्याला जोडून येणाऱ्या दोन तिरक्या रेघा सोडून द्या आणि त्यानंतरच्या पहिल्या तिरक्या रेघेच्या आधीचा शेवटचा तुकडा बघा. तो ‘परिवहन डॉट गव्ह डॉट इन’ असेल तर सरकारी. ‘परिवहन-गव्ह-चलन डॉट टॉप’ असं काही असेल तर पुढे कितीही सरकारी शब्द जोडलेले असोत, तो परका पत्ता. बँकांना आपली संकेतस्थळं ‘डॉट बँक डॉट इन’ वर न्यायला रिझर्व्ह बँकेने ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली होती, त्यामुळे तिथेही शेवट बघायची सवय लावा. बँकांचे सेवेचे फोन आता १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून येऊ लागलेत. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. बाबांना बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी हे एवढं राहू द्या.

पैसे गेले नाहीत, नुसता मेसेज आला, तरी तो पुसून टाकू नका. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर ‘चक्षू’ नावाची सोय मार्च २०२४ पासून आहे, आता ती संचार साथी ॲपमध्येही आहे. ३० दिवसांच्या आतला संशयास्पद फोन, एसएमएस किंवा व्हॉट्सॲप तिथे कळवता येतो. दोन मिनिटांचं काम आहे.

येत्या काही दिवसांत बाबांना आणखी एक फोन येऊ शकतो: ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, सोडवायला ५,००० भरा.’ पैसे परत मिळवून देण्यासाठी पोलीस फी घेत नाहीत. असा फोन आला तर तो क्रमांकही तक्रारीत जोडा.

व्यवहाराचा क्रमांक सापडत नसेल तर इथे लिहा, उताऱ्यात नेमका कुठल्या रकान्यात असतो ते सांगतो. खुद्द क्रमांक किंवा उताऱ्याचा फोटो मात्र इथे टाकू नका. मी आज रात्री जागा आहे.