मंडईच्या पाहुण्यांसाठी नाव घ्यायची की घरच्या सहा जणांसाठी?

भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातल्या एका भावाचं पत्र आलं आहे. सात एकर धान, वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, मुलगी नववीत, मुलगा पाचवीत, आई-बाबा सोबत. गोसीखुर्द धरणाचं पाणी गावापासून तीन किलोमीटरवर. बाबांना गळ टाकून बसायचा नाद जुना, पण गुडघ्यांमुळे आता काठच्या चिखलात उतरवत नाही. म्हणून घरच्यांना घेऊन पाण्यावर जायला पाँटून नाव, म्हणजे दोन पोकळ नळ्यांवर तरंगणारी सपाट डेकची नाव, घ्यायची आहे. समोर दोन आहेत. एक नवी, 12 फुटी, प्लास्टिकच्या दोन जाड नळ्यांवर फळ्यांचा डेक आणि बॅटरीची छोटी मोटर, 1 लाख 65 हजारांची. दुसरी जुनी, 18 फुटी, ॲल्युमिनियमची, वर छप्पर, आत खुर्च्या, 15 अश्वशक्तीचं पेट्रोल इंजिन, 4 लाख 80 हजारांची. विकणारा म्हणतो, आरामात बारा माणसं बसतात. मंडई म्हणजे दिवाळीनंतर भरणारी गावची जत्रा, तिला पाहुणे येतातच. भाऊ लिहितात, “ताई, मोठी घेतली तर मंडईत पाहुणे आले की सगळ्यांना एकदमच फिरवता येईल. 1 लाख 80 हजार घरचे टाकतो, दोन लाख पर्सनल लोन काढतो आणि एक लाख पीक कर्जातून वळवतो. चालेल ना?”

भाऊ, शेवटच्या वाक्यापासून सुरू करते. पीक कर्जाला हात लावू नका. आपल्याकडे तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे शून्य टक्क्यांत पडतं. इतका स्वस्त पैसा तुम्हाला दुसरीकडे कुठेच मिळणार नाही. तो नावेत अडकला की रोवणीच्या मजुरीला आणि खताला उसनवारी करावी लागेल. त्यात एखाद्या वर्षी तुडतुडे आले किंवा कापणीच्या वेळी पाऊस पडला, तर मुदतही चुकेल आणि सवलतही जाईल. मुळात ते कर्ज पिकासाठी दिलेलं आहे. नावेसाठी ते नाहीच असं धरून चला.

मग मोठ्या नावेला तीन लाखांचं पर्सनल लोन लागेल. 13 टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी महिन्याचा हप्ता 6,826 रुपये, एकूण परतफेड जवळपास 4 लाख 10 हजार. म्हणजे 4 लाख 80 हजारांची नाव 5 लाख 90 हजारांना पडली. तुमच्या पत्रातला एक आकडा मी दोनदा वाचला: मुलीच्या अकरावी-बारावीसाठी महिन्याला सात हजार आरडीत टाकता. हप्ता जवळपास तेवढाच आहे. घराच्या कर्जाचे 11 हजार आधीच वहिनींच्या 46 हजारांतून जातात, त्यामुळे हा नवा हप्ता दुसरीकडून येणार नाही, आरडीतूनच येईल. आणि दोन वर्षांनी नागपूरला क्लास आणि होस्टेलची वेळ येईल, तेव्हा नावेचे तीन वर्षांचे हप्ते बाकी असतील.

आता पाण्यावर किती दिवस जाल ते मोजू. जून ते सप्टेंबर नाव काठावरच राहील. धरणाचे 33 दरवाजे उघडायला लागले की वैनगंगेवर हौसेने जायचं नसतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. ऑक्टोबर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत कापणी आणि मळणी. तिथून फेब्रुवारीअखेरपर्यंत पंधराएक रविवार. त्यातून लग्नं आणि उन्हाळी धानाची रोवणी वजा केली तर दहा उरतात. मार्च-एप्रिलमध्ये सकाळच्या गारव्यात सहा फेऱ्या धरा. पुढे ऊन 45 अंशांना टेकतं. वर्षाला सोळा. मी सढळ हाताने मोजले आहेत.

मोठ्या नावेला सर्व्हिसिंग, पेट्रोल, विमा, रंग आणि राखणीला वर्षाला 30 हजार तरी लागतील. राखण यासाठी की 18 फुटांची नाव दर वेळी घरी आणता येत नाही. ती पाण्यावरच राहील, आणि उन्हाळ्यात पाणी मागे सरकलं की गाळात बसेल. लहान नाव ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत टाकून गोठ्याशेजारी ठेवता येते. हा फरक कोटेशनवर दिसत नाही, पण पाच वर्षं खिशाला जाणवतो. पाच वर्षांनी मोठी नाव अडीच लाखांना विकली गेली असं धरलं, तरी खर्च 4 लाख 90 हजार होतो. ऐंशी फेऱ्यांत वाटला तर एका रविवारचे सहा हजारांहून जास्त. लहान नावेचा हिशोब पुढे करतेच, ती दोन हजारांत बसते.

तरीही मोठ्या नावेत एक गोष्ट खरी आहे आणि ती मी उडवून लावणार नाही. तिचा डेक सपाट आणि रुंद आहे, तिच्यात आईंना खुर्चीवर निवांत बसता येईल. पाँटून नावेचा जन्मच अशा सोयीसाठी झाला. 1952 साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात ॲम्ब्रोस वीरेस नावाच्या शेतकऱ्याने लोखंडी पिंपं एकापुढे एक जोडून दोन रांगा केल्या आणि त्यांवर लाकडी फळी ठोकली. पाणी शांत, घरची माणसं सोबत, नाव डुलायला नको, एवढीच त्याची गरज होती. तुमचीही तीच आहे.

पण बारा माणसं? इथे विकणाऱ्याच्या तोंडावर जाऊ नका, नळी मोजा. तुम्ही पाठवलेल्या मापाप्रमाणे मोठ्या नावेची नळी अर्धा मीटर व्यासाची आणि साडेपाच मीटर लांब आहे. अशा दोन नळ्या पूर्ण बुडाल्या तर सुमारे 2,150 किलो वजन पेलतील. पण नळ्या अर्ध्याच बुडाव्यात, अर्ध्या वर राहाव्यात, हा सुरक्षिततेचा साधा ठोकताळा. म्हणजे 1,075 किलो. त्यातून डेक, छप्पर, खुर्च्या, इंजिन मिळून नावेचं स्वतःचं साडेपाचशे किलो वजा करा. उरले सव्वापाचशे, म्हणजे 65 किलोची आठ माणसं. ज्या मंडईच्या दिवसासाठी मोठी नाव घ्यायची, त्या दिवशी तुमचे बारा पाहुणे तिच्यात मावतच नाहीत. आणि पाहुणे समोर उभे असताना “तुम्ही चौघं थांबा” असं आपल्याच्याने म्हणवत नाही. सप्टेंबर 2021 मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या झुंज गावाजवळ वर्धा नदीत डोंगा उलटला आणि 11 जण गेले, त्यातले बहुतेक एकाच नात्यातले. ते आठवलं की माझा हात अजूनही थांबतो. मंडईच्या दिवशी पाहुण्यांना दंडार, म्हणजे आपलं लोकनाट्य, दाखवा, जेवू घाला. नावेत बसायचंच असेल तर परवाना असलेल्या प्रवासी बोटीचं तिकीट काढा. वर्षातून एकदा ते परवडतं.

लहान नावही आहे तशी घेऊ नका. तिच्या नळ्या 40 सेंटीमीटर व्यासाच्या, 3.6 मीटर लांब. तोच हिशोब केला तर नावेचं वजन जाऊन 320 किलो उरतात. चार मोठी माणसं आणि दोन मुलं मिळून तुमचं वजन नेमकं तेवढंच भरतं. डबा, पाण्याचा कॅन, गळाचं सामान यांना जागाच नाही. म्हणून कारागिराला 14 फुटी नळ्या टाकायला सांगा. वीसेक किलो वजन वाढेल, पण पेलण्याची ताकद ऐंशीएक किलोंनी वाढेल. चारही बाजूंनी कठडा आणि आईंसाठी पाठ असलेला एक बाक बसवून घ्या. त्याला 30 हजार जास्त लागले तरी 1 लाख 95 हजार होतात. वर्षाला नऊ हजार देखभाल, त्यात पुढच्या बॅटरीची तरतूद आली, आणि शेवटी 80 हजारांना विक्री. पाच वर्षांचा खर्च 1 लाख 60 हजार. कर्ज नाही. तुमच्या 4 लाख 20 हजारांच्या ठेवीतून सव्वादोन लाख मागे राहतात, आणि ते घराच्या कर्जाच्या हप्त्यासकट घरखर्चाच्या सहा महिन्यांना पुरतात. त्यापेक्षा खाली मी तुम्हाला जाऊ देणार नाही.

कोटेशनवर “करासह” लिहिलंय का ते बघा. सप्टेंबर 2025 पासून करमणुकीच्या नावांवर 40 टक्के जीएसटी आहे आणि मासेमारीच्या नावांवर 5 टक्के. कोणी “मासेमारीची दाखवून देतो” म्हणालं तर नको म्हणा, खोट्या बिलाची नाव पुढे विमा आणि नोंदणीच्या वेळी अडते. 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे यंत्रावर चालणाऱ्या नावेला नोंदणी, तपासणी आणि विमा लागतो, मोटर बॅटरीची असली तरी. जुन्या नावेच्या मालकाकडे हे कागद आहेत का, याबद्दल तुमच्या पत्रात अवाक्षर नाही. मला तेही खटकलं.

धरणात नाव उतरवायची परवानगी पाटबंधारे महामंडळाच्या कार्यालयातून लेखी घ्या. मासे धरण्याचा हक्क मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, नाव आपली असली म्हणून पाण्यातला रोहू-कतला आपला होत नाही. संस्थेच्या अध्यक्षांना बाबांना घेऊन भेटा, गळ टाकायचा आहे असं सांगा आणि रीतसर विचारा. ढिवर समाजाची कितीतरी घरं त्या पाण्यावर चालतात. आमच्या गावच्या मालगुजारी तलावावर आजोबा संस्थेच्या माणसाला विचारल्याशिवाय गळ टाकत नसत. रविवारी पर्यटक फिरवून चार पैसे कमवायचं तुम्ही ओझरतं लिहिलंय, ते सध्या सोडा. तो वेगळा धंदा आहे, त्याचा परवाना आणि जबाबदारी वेगळी.

सहा लाइफ जॅकेट नावेच्या किमतीत धरा, मुलांची त्यांच्या मापाची. आणि पूर्ण पैसे द्यायच्या आधी कारागिराला नाव पाण्यात उतरवायला लावा. घरून चाळीस किलोचे धानाचे आठ कट्टे न्या, डेकवर माणसं बसतील तसे पसरून ठेवा आणि काठावरून बघा. नळी अर्ध्याच्या वर बुडाली तर इसार परत मागा. नाही बुडाली, तर कट्टे उतरवा आणि बाबांना पहिलं बसवा.