खुब्याच्या ऑपरेशननंतर वडिलांना गावी नेताना काय तयारी करावी?

वय 74, खुब्याचं ऑपरेशन, लघवीची नळी अजून आहे आणि संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयातून सुट्टी होऊन गेवराईकडं न्यायचंय, असं तुम्ही विचारलंय.

सगळ्यात मोठा घोळ गोळ्यांचा होतो. घरच्या डब्यात बीपीची जुनी गोळी असते, डिस्चार्ज कार्डावर तीच दुसऱ्या कंपनीच्या नावानं येते. माणूस दोन्ही खातो, बीपी उतरतं, पहाटे उठताना चक्कर येऊन पुन्हा पडतो. म्हणून जुन्या गोळ्यांची पिशवी सुट्टीच्या आदल्या दिवशीच वॉर्डात न्या, सिस्टरसमोर एकेक पाकीट कार्डाशी लावून बघा. बंद झालेली घरात ठेवूच नका. रक्त पातळ करायचं औषध किती दिवस, टाके आणि नळी कधी काढायची, हे तारखेसकट लिहून घ्या. ‘दाखवायला या’ एवढ्यावर उठू नका.

गाडीत लघवीची पिशवी मांडीवर ठेवतात. लघवी उलटी फिरते, जंतुसंसर्ग होतो. ती कायम कमरेखाली लटकवा, पण जमिनीला टेकू देऊ नका.

घरी बाज नको. मधे खोल जाते, उठवताना खुब्यावर ताण येतो. गुडघ्यापेक्षा जरा उंच, कडक पलंग बघा. संडासाला कमोडची खुर्ची. उकिडवं बसणं सध्या विसराच. पडून असतील तर दर 2 तासांनी कूस बदला, माकडहाड आणि टाचा लाल दिसतात का रोज बघा.

पोटरी एकदम सुजून दुखली तर त्याच दिवशी दवाखाना. धाप लागली तर थेट 108.