१/१० आरसी रॉक क्रॉलरला (खऱ्या गाडीच्या एक दशांश आकाराच्या, दगडांवर चढणाऱ्या रिमोटच्या गाडीला) ९० मिमीचे शॉक घ्यावेत की १०० मिमीचे?

जुना शॉक (चाकाजवळचा स्प्रिंगचा धक्काशोषक) काढून पूर्ण ताणा आणि दोन्ही टोकांच्या भोकांमधलं अंतर मोजा. तेच माप घ्या. ९० च्या जागी १०० लावलेत तर गाडी रुबाबदार दिसेल, पण वजन वर सरकल्यामुळे तिरक्या दगडावर पटकन कलंडेल. ड्राइव्हशाफ्टचा (चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा) कोनही वाढतो.

क्रॉलरला उड्या मारायच्या नसतात, म्हणून स्प्रिंग मऊच हवी. सपाट जमिनीवर उभ्या गाडीचा शॉक साधारण एक तृतीयांश दबलेला असावा. मग खळग्यात चाक खाली उतरून पकड धरतं. शॉकमधलं तेल ३० वेटपासून (वेट म्हणजे तेलाचा दाटपणा) सुरू करा.

ॲल्युमिनियमच्या चकचकाटाला भुलू नका (मी भुललो होतो). स्वस्तातल्या काही शॉकमध्ये तेलच नसतं. स्प्रिंग काढून दांडा बोटाने दाबा, अडकत गेला तर सरळ परत करा.