आयोवात जमीन घेतली की अनुदान सुरू होतं का?

अमोल, अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या कोसुथ काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) शेतकऱ्यांना मिळालेल्या सरकारी पैशांची यादी पाहून तू विचारलंयस, की नोकरीच्या एच-१बी व्हिसावर आयोवात आल्यावर लातूरची जमीन विकून इथे चाळीस एकर घेतली तर अनुदान मिळेल का.

मुळात जमीनच घेता येणार नाही. ग्रीन कार्ड नसलेल्या परदेशी माणसाला शेती करायला जमीन विकत घेण्यावर आयोवाच्या कायद्याने बंदी आहे. शिवाय २०२४ साली राज्यातला सरासरी भाव एकराला ११,४६७ डॉलर होता. चाळीस एकरांचा हिशोब तूच कर.

समज, ग्रीन कार्ड झालं. तरी इथलं गणित आपल्यापेक्षा वेगळं आहे. पीएम किसानचे वर्षाचे ६,००० रुपये सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मिळतात, रान दुसराच ठोक्याने कसत असला तरी. इथे पीक बुडायची जोखीम ज्याची, पैसा त्याचा. जमीन रोख खंडाने दिलीस तर अनुदान कसणाऱ्याला, बटईने दिलीस तर वाट्याप्रमाणे दोघांना. (मालकही काही साधे नसतात, अनुदान धरूनच खंड सांगतात.)

जमीन बघायला जाशील तेव्हा विकणाऱ्याकडे '१५६-ईझेड' हा शेताच्या सरकारी नोंदीचा कागद माग. एफएसएच्या (कृषी खात्याची फार्म सर्व्हिस एजन्सी) काउंटी कचेरीत तो मिळतो, सोबत शेताचा हवाई फोटो असतो, त्यावर प्रत्येक तुकड्याला नंबर आणि दशांशापर्यंत क्षेत्र. कागदावर मक्याचे किती आणि सोयाबीनचे किती 'बेस एकर' (जुन्या पेऱ्यावरून अनुदानासाठी नोंदलेलं क्षेत्र), ते बघ. बेस नसेल तर सगळ्या रानात मका लावलास तरी एआरसी (उत्पन्न घटलं तर पैसे) आणि पीएलसी (भाव पडला तर पैसे) या सरकारी योजनांचा छदाम मिळणार नाही. बेस असेल तर यंदा काय पेरलं याने फरक पडत नाही.

पण हे पैसे दरवर्षी येतीलच असं नाही. मक्याचा देशातला सरासरी भाव कायद्याने ठरवलेल्या भावाखाली गेला तरच पीएलसी मिळते. तो भाव २०२५च्या पिकापासून बुशेलला (धान्याचं इथलं माप) किमान ४.१० डॉलर आहे. पैसे हातात पडतात पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात, तेही बेसच्या ८५ टक्क्यांवर. एआरसी बहुतेक जण काउंटीची घेतात. ती काउंटीच्या सरासरी उत्पन्नावर चालते. तुझ्या एकट्याच्या रानावर गारपीट झाली तर तिचा उपयोग नाही, त्याला पीक विमा. विम्याच्या हप्त्यातही सरकार मोठा वाटा उचलतं, पण तो कोणा शेतकऱ्याच्या नावापुढे त्या यादीत दिसत नाही.

त्या यादीतली २०१९ आणि २०२०ची वर्षं पाहून तर मुळीच भुलू नकोस. चीनशी झालेलं व्यापारी भांडण आणि पाठोपाठ कोविड, यांचे खास पैसे त्यात आहेत.

ग्रीन कार्ड झाल्यावर आधी थोडं रान खंडाने घे. एफएसए नवख्या शेतकऱ्यांना कर्ज देते, ग्रीन कार्डवाल्यांनाही. पेरा मात्र १५ जुलैपर्यंत कचेरीत नोंदव, आपल्या ई-पीक पाहणीसारखाच प्रकार आहे. आणि तोवर लातूरची जमीन विकू नकोस, निदान ही यादी पाहून तरी नको.