फूटपाथवाले जिंकले की हरले?

प्रश्न : मुलगी राज्यसेवेची तयारी करतेय. तिच्या नोट्समध्ये एकच ओळ आहे, ‘ओल्गा टेलिस, १९८५ : उपजीविकेचा हक्क मिळाला.’ आमचे शेजारी म्हणतात, त्या खटल्यात फूटपाथवरचे लोक हरले. वकीलताई, खरं काय?

उत्तर : दोन्ही खरं. म्हणूनच मी ज्युनिअर मुलांना निकालपत्र शेवटून वाचायला लावते. कोणाच्या पदरात काय पडलं, ते आदेशात कळतं.

पण या निकालाची सुरुवातही मुलीला वाचू द्या. चपला शिवून दिवसाला सात-आठ रुपये कमावणारा संगमनेरचा एक माणूस त्यात आहे. गावचं घर पडलं, १९६९ मध्ये तो मुंबईला आला, महिना ३५० रुपयांवर बदली कामगार म्हणून लागला. तुळशीवाडीच्या फूटपाथवर जागा मिळावी म्हणून त्याने तिथल्या गुंडाला ३०० रुपये दिले. बांबू आणि प्लॅस्टिकला आणखी ७०० गेले. जवळजवळ तीन महिन्यांचा पगार!

जुलै १९८१ मध्ये मुख्यमंत्री अंतुले यांनी अशा सगळ्यांना उठवून मूळ गावी धाडण्याची घोषणा केली. पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतरांच्या याचिका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या घटनापीठाने मान्य केलं, की पोट भरायचं साधनच काढून घेतलं तर अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काला अर्थ राहत नाही.

आता आदेश. मुंबई महापालिका कायद्याचं कलम ३१४ आयुक्तांना नोटिशीविना अतिक्रमण हटवू देतं. कोर्टाने ते रद्द केलं नाही. आधी बाजू ऐकायची हा नियम, न ऐकणं हा अपवाद, असा त्याचा अर्थ लावला. मग या लोकांना आयुक्तांपुढे सुनावणी मिळाली का? नाही. तुमचं म्हणणं आम्हीच इथे ऐकलं, असं सांगून कोर्टाने झोपड्या हटवायला वाट मोकळी केली. पावसाळा म्हणून ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत थांबायला सांगितलं, इतकंच. १९७६ च्या झोपडपट्टी गणनेत नोंद असलेल्यांना पर्यायी जागा द्या म्हटलं, पण ती दिल्याशिवाय हटवू नका, असं म्हटलं नाही. हे मला आजही बोचतं.

तरीही झोपडी पाडली म्हणून कोणी माझ्याकडे आलं, की मी पहिल्यांदा विचारते : नोटीस आली होती का? तुमचं ऐकून घेतलं का? कोर्टात हे विचारायचा आधार याच निकालाने दिला. मुलीला त्या ओळीखाली कलम ३१४ लिहून घ्यायला सांगा.