पंपिंग २० टक्के असूनही हृदय प्रत्यारोपणाच्या यादीत थेट नाव का घेत नाहीत? एवढ्या तपासण्या कशासाठी?

तुमच्या भावाचं वय ४२, पंपिंग २० टक्के, आणि वर्कअपच्या, म्हणजे प्रत्यारोपणाआधीच्या तपासण्यांच्या, यादीत दातांचे डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञही आहेत, म्हणून तुम्ही वैतागलात. मी प्रत्यारोपण समन्वयक आहे, हा प्रश्न आमच्याकडे नेहमीच येतो.

आधी पंपिंगचं. नुसत्या ईएफच्या, म्हणजे पंपिंगच्या टक्क्यांच्या, आकड्यावर नाव लागत नाही. तेवढ्याच ईएफवर गोळ्या घेऊन रोज कामाला जाणारी माणसं आहेत. औषधं पूर्ण मात्रेत देऊन, गरज असेल तर सीआरटी (हृदयाचे ठोके एकसाथ पाडणारा खास पेसमेकर) बसवूनही माणूस खालावतोय का, हे डॉक्टर बघतात. त्यासाठी सीपेट करतात: तोंडाला मास्क लावून सायकल किंवा ट्रेडमिल. शरीर दर किलो वजनामागे मिनिटाला किती ऑक्सिजन वापरतं ते मोजतात. बीटा ब्लॉकर (ठोक्यांचा वेग कमी करणाऱ्या गोळ्या) चालू असताना हा आकडा १२ मिलीच्या आसपास किंवा खाली असेल तर प्रत्यारोपणाचा विचार पुढे सरकतो. बराच वर असेल तर ‘अजून वेळ आहे’ म्हणतात. घरच्यांना तो नकार वाटतो, खरं तर ती चांगली बातमी असते.

माझ्या मते सगळ्यात निर्णायक तपासणी म्हणजे राइट हार्ट कॅथ. मानेच्या शिरेतून नळी घालून फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब आणि अवरोध, म्हणजे पीव्हीआर, मोजतात. वर्षानुवर्षं हृदय कमजोर असलं की हा अवरोध वाढतो. भावाच्या हृदयाची उजवी बाजू त्याला हळूहळू सरावलेली असते. दात्याच्या निरोगी हृदयाने तसा दाब कधी पाहिलेलाच नसतो, ते टेबलावरच हार मानू शकतं. डॉ. पी. के. सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या केईएममध्ये भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. रुग्ण काही तासांतच गेला, आणि त्यामागे हेच कारण सांगितलं जातं. आज पीव्हीआर साधारण ३ वुड युनिटच्या (हा अवरोध मोजायचं एकक) वर गेला तर कॅथ चालू असतानाच औषध देऊन तो उतरतो का बघतात. नाहीच उतरला तर काही महिने औषधं किंवा एलव्हीएडी (हृदयाला जोडलेला, रक्त ढकलायला मदत करणारा यांत्रिक पंप), मग पुन्हा कॅथ.

बाकीच्या बऱ्याच तपासण्या नंतरच्या औषधांमुळे आहेत. टॅक्रोलिमससारख्या गोळ्या जन्मभर घ्यायच्या, त्या प्रतिकारशक्ती दाबतात. म्हणून किडकी दाढ, जुना टीबी, कावीळ बी-सी, लपलेला कर्करोग हे सगळं आधी शोधायचं. त्याच गोळ्या मूत्रपिंडालाही जड जातात, म्हणून क्रिएटिनिनवर, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या रक्ततपासणीवर, एवढं लक्ष. रक्तात परक्या पेशींविरुद्ध अँटिबॉडीज आहेत का, त्यासाठी पीआरए ही रक्ततपासणी करतात. पूर्वी रक्त चढवलेल्यांत आणि बाळंतपण झालेल्या बायकांत त्या जास्त सापडतात.

मानसोपचारतज्ज्ञ वेड शोधायला येत नाहीत हो! गोळ्या वेळेवर कोण देणार, घरापासून रुग्णालय किती लांब, खर्चाचं काय, दारू-तंबाखू आहे का, हे विचारतात. इथे घरचे हमखास लपवतात. ‘कधीतरी मिश्री लावतो’ म्हणजे रोज, हे आम्हालाही कळतं, आणि लघवीतलं कोटिनीन (तंबाखूतल्या निकोटिनपासून शरीरात बनणारा पदार्थ) तपासता येतं. बहुतेक ठिकाणी सहा महिने तंबाखूमुक्त राहायला सांगतात. आज खरं सांगितलंत तर ते सहा महिने आजपासून मोजले जातील.

सगळे रिपोर्ट आले की हृदयरोगतज्ज्ञ, सर्जन, भूलतज्ज्ञ वगैरे एकत्र बसून ठरवतात. होकार मिळाला तर रुग्णालयच विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीकडे नाव नोंदवतं. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर अशा चार समित्या आहेत. पुढे रक्तगट, उंची-वजन आणि प्रकृतीची निकड यांवर नंबर हलतो. काढलेलं हृदय साधारण चार तासच टिकतं, म्हणून रुग्णालयाजवळ खोली घ्यायला सांगितलं तर टाळू नका.

जाताना जुने सगळे इको आणि सध्याच्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. कॅथ झाल्यावर डॉक्टरांना विचारा: पीव्हीआर किती आला, आणि औषध दिल्यावर किती उतरला?