अकराव्या वर्षीच्या टायमिंगवर पुणं गाठू नका

ताई, तुमची मुलगी ११ वर्षांची, शंभर मीटर फ्रीस्टाईल १ मिनिट १८ सेकंदांत मारते, जिल्ह्यात पहिली आली आणि ओळखीचे सगळे म्हणताहेत की हिला आता पुण्याला ठेवा, नाशकात राहून पोहण्यात करिअर होत नाही. हलवायचं का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत, इतक्यात नाही. जरा सविस्तर लिहितो, कारण त्या वयात जिल्ह्यात मीही पहिलाच यायचो.

आधी सांगा, ते १:१८ कुठल्या तलावातलं? २५ मीटरच्या की ५० च्या? शंभर मीटरला छोट्या तलावात तीन टर्न (भिंतीशी वळणं) मिळतात, मोठ्यात एकच. भिंतीवर पाय रोवून ढकललं की पोहण्याहून जास्त वेग आयताच मिळतो आणि हातांना क्षणभर विसावा. म्हणून छोट्या तलावातलं टायमिंग मोठ्यात तसंच येत नाही, या वयात दोन-तीन सेकंद सहज वाढतात.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पुण्यात बालेवाडीच्या ५० मीटर तलावात कळलं. माझी सगळी प्रॅक्टिस २५ मीटरमध्ये. स्टेटला डाईव्ह झकास लागली, पहिल्या वीस मीटरला मी पुढे होतो. मग सवयीनं टर्नसाठी डोकं आत घातलं आणि खाली बघतो तर तळाची काळी पट्टी आपली सरळ पुढे चाललेली. भिंतीआधी येणारी आडवी रेघ आलेलीच नव्हती. लय जी तुटली ती तुटलीच. आठ जणांत सातवा आलो, आणि आठव्याचा गॉगल निघाला होता.

दुसरी गोष्ट उंचीची. अकराव्या-बाराव्या वर्षी काही मुली भराभर वाढतात, हात लांब होतात आणि शर्यती जिंकतात. चौदाव्या वर्षी बाकीच्या त्यांना गाठतात आणि आई-बाप म्हणतात, पोरीचं लक्ष उडालं. लक्ष उडालेलं नसतं, आधीची आघाडी हाडांची होती, पोहण्याची नव्हती.

तुमच्या मुलीची आघाडी कसली आहे ते तुम्हीच बघू शकता. रविवारी काठावर बसा आणि एका लॅपला, म्हणजे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, ती किती हात मारते ते मोजा. वहीत हात आणि टायमिंग शेजारी शेजारी लिहा. सहा महिन्यांत टायमिंग कमी झालं आणि हात तेवढेच राहिले किंवा कमी झाले, तर पोरगी शिकतेय. टायमिंग कमी झालं पण हात अठराचे चोवीस झाले, तर ती नुसतं पाणी धोपटतेय, आणि ते फार दिवस चालत नाही. पाणी हवेपेक्षा आठशे पट घट्ट. त्यात ताकदीआधी आकार लागतो. श्वास घेताना डोकं वर उचललं की कंबर बुडते, आणि बुडालेली कंबर ओढत नेणं म्हणजे हँडब्रेक लावून म्हसरुळचा चढ चढणं. ती एकाच बाजूला श्वास घेते का तेही बघा. रोज तीन-चार किलोमीटर तसं पोहलं की खांदा बोलायला लागतो.

आता नाशिक. इथे धावपटू कविता राऊत घडली, चांदवड तालुक्यातला दत्तू भोकनळ रोइंगमध्ये २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला गेला, म्हणजे मातीत कमी नाही. पण धावणाऱ्याला रस्ता पुरतो. दत्तूसुद्धा वल्हवायला शिकला तो सैन्यात गेल्यावर. पोहणाऱ्याला बाराही महिने पाणी लागतं, तेही रिकाम्या लेनचं. आमची पिढी पाठीला डबा बांधून गोदावरीत शिकली. नदीनं भीती घालवली, टायमिंग नाही दिलं. त्र्यंबक रोडचा सावरकर तलाव असो, नाशिकरोडचा राजमाता जिजाऊ असो की एखादा खासगी, तीन गोष्टी विचारा. डिसेंबरात पाणी गरम करतात का? निफाडचा पारा पेपरात यायला लागला की पहाटे साडेपाचची पोरं ओठ निळे करून अर्ध्या तासात बाहेर येतात आणि दोन महिन्यांची मेहनत पाण्यात जाते. मे महिन्यात उन्हाळी बॅचच्या गर्दीत स्पर्धेच्या मुलांना लेन राखून ठेवतात का? आणि दुरुस्तीसाठी तलाव किती दिवस बंद असतो?

हे शेवटचं मी भोगलंय. माझ्या दहावीच्या वर्षी आमचा तलाव ‘पंधरा दिवस’ बंद झाला तो पाच महिन्यांनी उघडला. तोवर क्लास लागले होते, मी चष्मा लावून भूमिती करत होतो आणि माझ्याकडून कायम हरणारा मित्र नॅशनलला जाऊन आला. म्हणून सांगतो, जायचंच असेल तर तेराव्या-चौदाव्या वर्षी जा, दहावीच्या तोंडावर नको आणि आत्ताही नको. पुण्यात खरं मिळतं ते शेजारच्या लेनमध्ये आपल्यापेक्षा वेगवान मुली आणि लांब तलाव. ते तेव्हा लागेल. आत्ता तिला आईच्या हातचं जेवण आणि नऊ तास झोप जास्त कामाची.

आणि करिअर म्हणजे काय, तेही बघून ठेवा. कोल्हापूरचा वीरधवल खाडे १६ व्या वर्षी २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला गेला, २०१० च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायचं ब्राँझ आणलं. राज्य सरकारनं तहसीलदार केलं. पुढे तो पुन्हा जोमानं पाण्यात उतरला आणि २०१८ ला जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ५० फ्रीच्या प्राथमिक फेरीत २२.४३ मारलं. फायनलला २२.४७. ब्राँझ गेलं २२.४६ ला. सकाळचं स्वतःचं टायमिंग संध्याकाळी पुन्हा आलं असतं तर पदक होतं! आपल्याकडचा इतका यशस्वी पोहणारा घेतला तरी हिशोब असा शंभराव्या हिश्शाचा, आणि पोट भरलं ते नोकरीनं. (मुरलीकांत पेटकरांनी १९७२ च्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाईलचं सुवर्ण जिंकलं, त्यांना पद्मश्री मिळायला २०१८ उजाडलं.)

तेव्हा अभ्यास सोडवू नका. राज्याच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, रेल्वे आणि पोलीसही खेळाडू घेतात. पण प्रमाणपत्र मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेचं लागतं आणि त्याची पडताळणी होते. गल्लीतल्या ‘ऑल इंडिया ओपन’ची ढाल शोकेसमध्ये छान दिसते, तिथे चालत नाही. आजपासून प्रत्येक प्रमाणपत्र एका फाईलमध्ये ठेवा.

अजून एक. तिला शंभरपेक्षा चारशे आवडतं का, विचारून बघा. बरीच मुलं स्प्रिंटला अडकतात कारण जिल्ह्याला टाळ्या तिथेच पडतात. लांब पल्ल्याची असेल तर डिसेंबरात मालवणला चिवला बीचवर समुद्रातली स्पर्धा होते, एकदा नेऊन आणा. खारं पाणी, लाटा, काळी पट्टी नाही. तिथून परत आल्यावर काय बोलते ते ऐका.

तूर्तास ५० मीटरच्या तलावात एकदा शंभर मारायला लावा, हात मोजा आणि दोन्ही आकडे इथे टाका. पहिल्या पन्नासचं आणि दुसऱ्या पन्नासचं टायमिंग वेगवेगळं लिहा, नुसतं एकूण नको.